चौसष्टावी काच

१

पहिल्या दिवशी खुर्शिद आपांनी शिक्षण विचारलं नाही, माहेर विचारलं नाही. टेबलापलीकडून आम्हा दोघींकडं बघत म्हणाल्या, "दिवस गेलेत का कुणाला?"

माझ्याबरोबरच काम शिकायला आलेली नाझिया फिस्सकन हसली. "आपा, आधी लग्न तर होऊ द्या माझं."

"तुला कोण इचारतंय? हिच्या हातावरली मेंदी आजून गेली न्हाई, हिला इचारतीय."

"नाही," मी म्हणाले.

आठ दिवस वर गेले होते. पण नवं गाव, नवं पाणी, आठ दिवसांचं काय एवढं? खोटं बोलले असं त्या क्षणी तरी मला वाटलं नाही.

"न्हाई तर बरं. हितं सगळा कारभार शिशाचा. पोटातल्या जिवाला शिसं बाधतं. मागल्या साली एक जण लपवून बसली व्हती. कळल्याबरुबर घरी धाडली. म्हणलं, वर्षानं ये. ती काय आली न्हाई."

ती का आली नाही हे मला न सांगता कळलं. 'वर्षानं ये' म्हटलेल्या बायका कुठंच परत जात नाहीत. माझी बी.एस्सी. याच वाक्यानं एकदा दोन वर्षं लांबली होती.

आपांचा रंगीत काचकामाचा वर्ग शिरूरच्या बाजारपेठेच्या मागच्या बोळात, त्यांच्या सासऱ्यांच्या आरसे-फ्रेमच्या दुकानाच्या माडीवर होता. अकरा ते दोन. सम्राट, म्हणजे माझा नवरा, सकाळी सहाला कंपनीच्या बसनं सणसवाडीला जायचा. त्यानंतर आमच्या दोन भाड्याच्या खोल्यांत बोलणारा असा फक्त फ्रीज उरायचा. त्यापेक्षा काच बरी.

रंगीत काच जोडायला शिकताना पहिले पंधरा दिवस नुसतं कापणं असतं. कटर नीट चालला तर रेशीम फाटल्यासारखा आवाज येतो. करकरला, तर काच भलतीकडंच फुटते. मग कापलेल्या तुकड्यांमध्ये शिशाच्या पट्ट्या बसवायच्या, सांध्यावर कथील वितळवून डाग द्यायचा. आपांचा एक नियम मला फार आवडला होता. काचेच्या मधोमध दुसरी काच बसवता येत नाही. कडेपर्यंत शिशाची एक तरी रेषा न्यावी लागते. "मधीच लोंबकळत काय बी ऱ्हात न्हाई," त्या म्हणायच्या. "त्याला कडंचा आधार लागतोच."

मी हातमोजे घालायची, तोंडाला मास्क लावायची, सुटल्यावर तीनदा हात धुवायची. नाझिया मला 'डॉक्टरीणबाई' म्हणायला लागली. बाराव्या दिवशी मेडिकलमधून पट्टी आणली. दोन रेघा आल्या.

मी ठरवलं की एक काम पुरं करायचं, एकच तावदान. मग सांगायचं सगळ्यांना.

२

तावदान दौंडहून टेंपोत गादीत गुंडाळून आलं. रेल्वेच्या जुन्या बंगल्यांपैकी एक बंगला रश्मी नावाच्या शिक्षिकेनं घेतला होता, त्याच्या जिन्याच्या खिडकीतलं. दौंड माझं माहेर. वडील रेल्वेतच होते. पण असल्या बंगल्यांच्या आत आम्ही कधी गेलो नव्हतो.

तावदान कमरेएवढ्या उंचीचं होतं. दगडी पायऱ्यांवर बसलेली एक बाई, मागं नदी, वर पिवळं आभाळ. तोंडावरचा रंग उडालेला, त्यामुळं नाकडोळे काहीच नव्हते. पायघोळ निळं वस्त्र. मांडीवरची निळी काच मात्र एकसंध, माझ्या तळव्याएवढी. दोन्ही हात दोन बाजूंना दगडावर टेकलेले, काहीतरी जड नुकतंच उतरवून ठेवलं असावं तसे.

दोन काचा तडकल्या होत्या, शिसं सैल झालं होतं. म्हणजे सगळं सोडवून पुन्हा बांधायचं. आपा नेमक्या त्याच आठवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्याला निघाल्या होत्या. जाता जाता बजावून गेल्या, "उकलायच्या आधी छाप उठवा. दोन कागद. दर तुकड्याला आकडा. तावदान सुटलं की मंग कागदच खरा, ध्येनात ठिवा."

छाप म्हणजे तावदानावर पातळ कागद ताणून बसवायचा आणि मोच्याकडच्या काळ्या मेणाच्या कांडीनं घासायचा. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतो, अगदी तसंच. खालचं उंच शिसं काळं उठतं, काच पांढरी राहते.

मी आधी काचेवर बोट ठेवून तुकडे मोजले. त्रेसष्ट. मग छाप उठवली, आभाळापासून आकडे घालत खाली आले. मांडीच्या निळ्या काचेला ३१ आला. शेवटचा आकडा पडला तो ६४.

पुन्हा मोजलं. ६४ मी कुठं घातला होता ते सापडायला वेळ लागला. मांडीत होता. ३१ च्या पोटात हरभऱ्याएवढं एक लांबट कडं उठलं होतं, आणि त्याच्यापासून एक बारीक काळी रेषा वळणं घेत कडेपर्यंत गेली होती. ६४ हा आकडा मीच त्यात कसाबसा कोंबला होता. चाराची शेपटी एका बाजूला टेकली होती, सहाचं पोट दुसऱ्या.

हात यंत्रासारखा चालला की असं होतं. मी कागद उचलला.

खालची निळी काच एकसंध होती.

३

"इकडे बघ जरा," मी नाझियाला म्हटलं.

तिनं मोबाइलमधला तावदानाचा फोटो मोठा करून मोजला. "त्रेसष्ट." मग कागद मोजला. "चौसष्ट. तुझ्यामायला, एक फुकट आली की!"

"थट्टा नको."

"थट्टा कुठं? हे बघ, पतंग दिसतोय मस्त. मांजासकट." तिनं त्या बारीक रेषेवरून नख फिरवलं. "संक्रांत होऊन महिना झाला, आणि आपल्याकडं आत्ता उतरला."

तिला ते पतंगासारखं दिसलं. मला जसं दिसलं ते मी बोलले नाही. मी मुळातच कमी बोलते. लोकांना तो गुण वाटतो.

तावदान उलटं केलं. मागं फटी बुजवायच्या लांबीचा गोळा चिकटला असेल म्हणून बोटानं चाचपलं. गुळगुळीत. टेबलावर मेणाचा खडा असेल म्हणून टेबल पुसलं. दुसरा कागद घेतला, यावेळी नाझियाच्या हातून घासून घेतला. तीच जागा, तेच कडं, तीच रेषा.

आमच्या घरात देव नाहीत. लहानपणी कुणी भुताची गोष्ट सांगायला लागलं की वडील विचारायचे, "त्याचं वजन किती होतं?" देवच नाही तर भूत कुठून येणार, हा हिशेब मला सहावीपासून पाठ आहे. त्याची एक अडचण तेव्हा कुणी सांगितली नव्हती. भ्यायलो तर हात जोडायलाही कुणी उरत नाही.

शेवटी आपांना फोन लावला.

"आगं, कागद सरकला आसंल. न्हाई तर मेण गोळा झालं आसंल. किती येळ घालवताय? उकला."

"आपा, दोन्ही कागदांवर आलंय."

"मंग दोन्ही येळंला चुकलात. उकला म्हणते ना."

आम्ही उकललं. शिशाच्या पट्ट्या उलगडत एकेक काच सुटी केली आणि कागदावर तिच्या तिच्या आकड्यावर मांडली. संध्याकाळी बाई टेबलावर तुकड्यातुकड्यांनी आडवी झाली होती. आता परत मोजायला तावदान राहिलं नव्हतं. होता तो कागद.

३१ मी तिच्या जागी ठेवली. निळ्या काचेतून खालचं काळं कडं स्वच्छ दिसत होतं, पाण्याखालच्या खड्यासारखं.

४

सुट्या काचा धुवायच्या होत्या. रोज दहा-बारा. मंगळवारी मी ३१ धुवायला उचलली आणि तशीच उभी राहिले.

कड्यात ६४ लिहिलेलं होतं. माझंच अक्षर. पण चाराची शेपटी आता कुठंच टेकत नव्हती. सहाच्या पोटाभोवतीही जागा होती. आकडा मोकळा, मधोमध, ऐसपैस.

पट्टी लावली. अकरा मिलिमीटर. कागद दमट हवेनं फुगतो, हे मला माहीत आहे. पण मग सगळाच फुगायला हवा. मी शेजारचा ३२ मोजला, फोटोवरून हिशेब करून ताडून पाहिला. तो होता तेवढाच होता. फळीवर गुंडाळून ठेवलेला दुसरा कागद उघडला. त्यावरही अकरा.

शुक्रवारी चौदा भरलं.

माझ्या मोबाइलमध्ये 'बँक' नावाच्या फोल्डरमध्ये एक ॲप लपवलेलं होतं. दर आठवड्याला ते सांगायचं, तुमचं बाळ आता मसुराएवढं, तुमचं बाळ आता राजम्याएवढं. हे दोन आकडे शेजारी ठेवायचे नाहीत असं मी स्वतःला बजावलं होतं. शुक्रवारी दुपारी नाझिया चहा आणायला खाली गेली, तेव्हा मी ते ठेवले.

मग मी जे केलं ते भीतीनं केलं की मायेनं, अजून सांगता येत नाही. तुकड्यांच्या डब्यातून एक गडद लाल काच काढली. त्या कड्यावर धरली, आकार आखला, कटर चालवला. इतका बारीक गोल काप मला तोवर एकदाही जमला नव्हता. रेशीम फाटल्यासारखा आवाज आला आणि तुकडा अलगद माझ्या हातात पडला. घासावा लागला नाही. ६४ वर ठेवला, तर केसाचाही फरक नाही.

"कुणाची गं ती?" नाझिया कप घेऊन आली होती.

"कागदावर आहे ना ती जागा."

"अगं, पण ती बसणार कुठं? तिच्यासाठी ती जुनी निळी कापावी लागेल. आपा जीव घेतील."

"बघू."

सोमवारी लाल काच कागदावरच्या कड्यात सैल पडत होती. मी तिच्यापेक्षा मोठी दुसरी कापली.

त्या दिवसांत मी खूश होते, हेही लिहायला हवं. सकाळी उठून कागद बघायची घाई व्हायची. कुठंतरी माझी नोंद होत होती. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि तरी एका जागेला माहीत होतं.

५

शनिवारी न्हावऱ्याहून सासूबाई आल्या. त्यांचं नाव अनसाबाई, मी त्यांना आत्या म्हणते. एसटीतून उतरल्या त्या कांद्याची पिशवी आणि दुधाचा कॅन घेऊन. दारातच मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तोंड का उतरलंय?"

"ऊन आहे, आत्या."

"ऊन मला बी लागलंय. मी काय पिवळी पडले न्हाई."

मग कांदा फोडणीला पडला आणि मी मोरीकडं धावले. परत आले तर आत्या गॅस बारीक करून, कमरेवर हात ठेवून उभ्या.

"कितवा?"

"तिसरा लागेल आता."

"आन् सम्राटला?"

मी मान हलवली.

"वा! सासूला न्हाई, नवऱ्याला न्हाई. काचा तेवढ्या म्हाईत असत्याल!" आणि मग एकदम खाली बसून त्यांनी मला जवळ ओढलं, माझं डोकं त्यांच्या खांद्यावर दाबून धरलं. त्यांच्या लुगड्याला दुधाचा वास येत होता. "येडी का खुळी तू? आसं एकटीनं बाळगत्यात व्हय?"

सम्राट ड्यूटीवरून आला, ऐकलं, आणि हातातला डबा धरून तसाच उभा राहिला. "मला का नाही सांगितलंस गं?" एवढंच म्हणाला. मग रात्रीचं जेवण होईपर्यंत उगाच हसत होता. सोमवारी मी न्हावऱ्याला जायचं ठरलं. त्या कामात शिसं असतं, हे त्याला माहीत नव्हतं. मी तेही सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी, 'सामान आणते' म्हणून मी माडीवर गेले. आपा आल्या होत्या. डोळ्यावर काळा चष्मा. टेबलाशी वाकून त्या काचा चाचपत होत्या.

"आपा, मला दिवस गेलेत. पहिल्या दिवशीही होते."

त्यांनी चष्मा काढला. एक डोळा लाल होता. वाटलं थोबाडीत देतील. त्यांनी माझं मनगट पकडलं, मोरीपाशी नेलं आणि साबण घेऊन स्वतः माझे हात धुतले, कोपरापर्यंत, नखांच्या आतून, एकदा, दोनदा, तीनदा. तोंडानं शिव्या चालूच होत्या.

"बुद्धी गहाण टाकली व्हती का? म्हयनाभर! जा, आत्ताच्या आत्ता घरी जा."

"जाते. पण आपा, एक ऐका. मांडीत ती जागा ठेवा. चौसष्टची. मी काच कापून ठेवलीय."

"कसली जागा?"

मी दाखवली. त्या वाकल्या, बोट फिरवलं. "मला काय बी दिसत न्हाई. ह्या डोळ्यानं आजून धुकंच दिसतंय."

"आहे आपा," नाझिया हळूच म्हणाली. "पतंगासारखं. पण आधीपेक्षा..." ती थांबली. माझ्याकडं बघत राहिली, आधी तोंडाकडं, मग पोटाकडं.

"फोटूत हाय का?"

"फोटोत नाही."

"मंग न्हाई."

"तुम्हीच म्हणालात, कागद खरा."

आपांचा आवाज एकदम खाली आला. "कागूद माणूस घासतो, बाई. माणसाचा हात हालला तर न्हाई ती रेघ उठती. आन् जुन्या काचेला कटर लावायचा न्हाई. दुसऱ्याच्या घरची काच हाय ती. आसा काप तिला सोसायचा बी न्हाई, उभी तुटंल."

त्यांचं सगळं बरोबर होतं. माझ्याकडं सांगण्यासारखं एकच होतं, आणि ते मोठ्यानं म्हणावं अशी एकही भाषा मला येत नव्हती. ती जागा बंद करू नका. म्हणजे काय? मी बी.एस्सी. झालेली बाई, काय म्हणणार होते?

"बरं," मी म्हणाले.

जिना उतरताना वरून खिळे ठोकल्याचा आवाज आला. पहिली काच खिळ्यांच्या आधारानं बसवायला घेतली होती.

६

न्हावऱ्याला मला हात हलवू देत नव्हते. अंगणात सावलीला बाज टाकली. समोर आत्या आणि शेजारच्या जाईबाई कांदा निवडत बसल्या होत्या. मोठा इकडं, बारका तिकडं. मी पाहुणीसारखी उशीला टेकून.

"राणी हाय बाबा," जाईबाई म्हणाल्या.

"आसू द्या. मला तर आठव्या म्हयन्यात बी खुरपं सुटलं न्हवतं," आत्या म्हणाल्या, आणि उठून माझ्या पायांवर चादर ओढली.

मी दोन दिवस नाझियाला फोन लावत होते. उचलत नव्हती. बुधवारी दुपारी बाराच्या सुमारास तिचाच आला.

"झालं गं तावदान. डाग देऊन झाले, लांबी भरली. आपांनी बसवून घेतलं सगळं, मी नुसती हाताखाली. काय सुंदर दिसतंय!"

"मांडी?"

"तीच. निळी. अखंड."

"आणि ती लाल काच?"

"भंगाराच्या डब्यात टाकली आपांनी. कुठं बसतच नव्हती ना. आणि ऐक, शेवटी तयार तावदानाची छाप घेतली परत, रेकॉर्डला. त्रेसष्ट. नीट मोजली मी. काही नाही उठलं, गौतमी. आपण उगाच... हॅलो? आहेस ना?"

"आहे."

"कडं गेलं."

समोर आत्यांनी एक सडका कांदा बाजूला फेकला. तो अंगणात घरंगळत जाईपर्यंत मी त्याच्याकडं बघत होते. मग कुणीतरी आतून दोरी ओढावी तसं झालं, एकदाच, सरळ खाली. फोन अजून कानाला होता. नाझिया विचारत होती, तब्येत कशी आहे.

शिरूरच्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. पहिल्या वेळी बऱ्याच जणींचं होतं, म्हणाल्या. कुणाची चूक नसते. मी शिशाचं सांगितलं. सम्राटच्या देखतच सांगितलं, तो खिडकीकडं बघत राहिला. बाईंनी रक्त तपासलं. शिसं नव्हतं. असायला हवं तेवढंही नव्हतं. "फार काळजी घेतलेली दिसतेय तुम्ही," त्या म्हणाल्या.

दोष माझा निघाला असता तर बरं झालं असतं. तो धरून बसता आलं असतं.

आत्या म्हणाल्या, "झाड हाय तर फळ हाय." चार दिवसांनी त्या स्वतःच गोठ्यात तोंड दाबून रडताना दिसल्या. मी मागच्या मागं फिरले. सम्राट रोज फोन करायचा, जेवलीस का विचारायचा, आणि मग आम्ही दोघं कंपनीच्या मशीनचा आवाज ऐकत बसायचो.

७

वैशाखात मला माहेरी दौंडला पाठवलं, हवापालट म्हणून. दौंडची हवा कुणाला पालटायला पाठवावी अशी नाही, पण गेले.

नाझियाचा निरोप होता, तावदान बसवलंय, रश्मीताई म्हणतात बघून जा. चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी दुपारी चारला मीच त्या बंगल्याचं फाटक ढकललं.

रश्मीताई बडबड्या, हसऱ्या. "या, या! तुमच्या हाताचं काम, तुम्हीच पाहिलं नाही." जिन्याच्या तोंडाशी आणून त्या बाजूला झाल्या.

पश्चिमेची खिडकी. ऊन सरळ आत येत होतं. बाई आपल्या दगडावर बसली होती, हात दोन्हीकडं टेकून. मी तिच्या मांडीकडं पाहिलं. निळी काच, अखंड, निर्मळ. काहीही नव्हतं. इतका वेळ धरलेला श्वास मी सोडला. त्यात सुटका किती आणि राग किती, कोण जाणे.

"जिन्यावर रंग पडतात ते बघा," रश्मीताई म्हणाल्या. "मुलं तर इथंच बसतात या वेळेला. फक्त ती पायरी तेवढी... कितीदा पुसली हो मी. तो डाग काही जात नाही. ऊन उतरलं की दिसत नाही, म्हणून दिला सोडून. बसा, चहा टाकते."

त्या खाली गेल्या.

पाचव्या पायरीवर निळा उजेड पडला होता, मांडीच्या काचेचा. त्याच्या मधोमध एक डाग होता. काळा नाही, गडद लाल. मुठीएवढा. मी वर काचेकडं पाहिलं, मग खाली. काचेत काही नव्हतं. मी आठवडे मोजले. मोजायची गरज नव्हती, ते मला रोज सकाळी आपोआप माहीत असायचे. एवढाच झाला असता.

रेषा नव्हती त्याला. कडेपर्यंत कुठंच काही गेलं नव्हतं. मधेच होता, सुटा.

मी त्या पायरीशी बसले. हात पुढं केला. तळव्यावर निळा उजेड आला, स्वच्छ, एकसारखा. डाग हातावर आला नाही. हात काढला तर तो होता, पण मघाच्या जागेपासून दोन बोटं पलीकडं.

ऊन सरकतं, मी मनात म्हटलं.

यावेळी दुसऱ्या बाजूनं हात नेला. तो उलटीकडं गेला. ऊन एकाच दिशेनं सरकतं.

तिसऱ्यांदा मी हात फार हळू नेला, झोपलेल्याच्या कपाळाला लावावा तसा. बोटं पोचायच्या आधीच तो आक्रसला. निळ्याच्या कडेनं, भिंतीला घासून घसरला, आणि कोपऱ्यातल्या अंधारात जाऊन थांबला.

"साखर किती घेता?" खालून आवाज आला.

मी हात मागं घेतला, ओढणीखाली झाकला. दुसराही झाकला. अंग आवरून, जमेल तेवढी लहान होऊन, वाट बघत बसले. बराच वेळ. निळा उजेड पायरीवर रिकामा पडून होता.

शेवटी उठले. दोन पायऱ्या खाली उतरले, तिसरी उतरले, आणि वळून पाहिलं.

तेव्हा कुठं तो उजेडात परत आला.